साऱ्या वाडीचं सोयर

भैरवीला बनवलेल्या आकड्यांचा वास लगेच यायचा. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करताना दोन वर्षं तिनं इनक्युबेटरसमोर काढली होती. काचेच्या दाराआड बंद असलेलं ते यंत्रसुद्धा दिवसभरात अर्धा अंश इकडंतिकडं करतं, हे तिनं स्वतः मोजलेलं. म्हणूनच गगनबावड्याच्या पलीकडच्या एका वाडीतून आलेला तापमानाचा तक्ता बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

तक्ता एका मुलीचा होता. दिवस भरायच्या महिनाभर आधीच जन्मलेली, अठराशे पन्नास ग्रॅम वजनाची. चौथ्या दिवशी दवाखान्यानं तिला घरी सोडलं, पण अट घालून. चोवीस तास तिला कुणाच्या तरी उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायचं आणि दर दोन तासांनी काखेत थर्मामीटर लावायचा. सात दिवसांच्या चौऱ्याऐंशी नोंदी होत्या. सगळ्याच्या सगळ्या छत्तीस पूर्णांक सहा ते छत्तीस पूर्णांक नऊ. माघाची थंडी, घाटमाथ्यावरचं कौलारू घर, पहाटेचे तीन वाजलेले, तरीही आकडा जागचा हललेला नव्हता.

भैरवी नोकरी करत होती ती कोल्हापुरातली संस्था गावोगावच्या बायकांच्या गटांना बाळ-बाळंतिणीसाठी लहान लहान अनुदानं द्यायची. या गटाचा अर्ज तिच्या लक्षात राहिला होता. ‘गेल्या थंडीत आमच्या वाडीतली दोन बाळं गार पडून गेली. औंदा जाऊ देणार नाही,’ एवढंच लिहून खाली एक वजनकाटा, दोन थर्मामीटर आणि बाळ छातीशी बांधायच्या सुती झोळ्या मागितल्या होत्या. वाडीत आणखी दोघी पोटुशी होत्या; त्यांच्यासाठीचा हप्ता अजून द्यायचा होता.

संस्थेच्या प्रमुख संयोगिताताईंनी तक्ता पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाळाला खाली ठेवून नुसते आकडे भरत असतील, तर ती पोरगी धोक्यात आहे, आणि तसं असेल तर गटाचं काम आपण थांबवायचं, असं त्यांनी सांगितलं. तू जा, बघ आणि आजच्या आज मला कळव.

अकराच्या एसटीनं भैरवी फाट्यावर उतरली. गटाची चिटणीस क्रांती, जी त्या वाडीची आशा सेविकाही होती, तिला न्यायला आली होती. वाटेत वाडीचं देऊळ लागलं. दाराला कडी, पुढं मांडवाचे बांबू आडवे पडलेले, पताकांचं गाठोडं तसंच बांधलेलं. कुणी गेलं का, असं भैरवीनं विचारलं. क्रांती म्हणाली, गेलं न्हाय, आलंय. सगळ्या वाडीला सोयर हाय.

सोयर म्हणजे जन्माचा विटाळ, तो भैरवीला माहीत होता. पण तो बाळाच्या घराला आणि भावकीला असतो. सबंध वाडीला कसा? मग चालता चालता क्रांतीनं सगळं सांगितलं.

बाळाच्या आईच्या, अनुजाच्या अंगावरून बाळंतपणात फार रक्त गेलं होतं. बसलं की तिच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. तिनं बाळाला किती तास धरावं? फार तर आठ-नऊ. भावकीत धडधाकट बायका तिघीच. बाकीच्या मदतीला आल्या त्या उंबऱ्यावरच थबकल्या, कारण चार दिवसांवर वाडीची जत्रा होती. बाळाला शिवलं की सोयर लागणार; मग देवाचा निवद करायचा कुणी, आणि देवळाची पायरी चढायची कुणी? दवाखान्यातून आणलं त्याच दिवशी बाळ तासभर गोधडीत गुंडाळून खाली राहिलं. क्रांतीनं थर्मामीटर लावला तर पस्तीस पूर्णांक आठ. तळपाय निळसर पडलेले.

तेव्हा शालूबाई उठली. वाडीतली सगळ्यात थोरली, देवाच्या मानाची बाई. जत्रेचा पहिला निवद तिच्या हातचा. तिनं उंबरा ओलांडला, चोळीच्या गाठी सोडल्या आणि बाळ छातीशी घेतलं. म्हणाली, “मला लागलं सोयर. आता ज्यांना देवाम्होरं जायचंय त्यांनी जावा खुशाल.”

मानाची बाईच सोयरात म्हटल्यावर कोण जाणार? एकेक करून बाकीच्याही आत आल्या; शालूबाई आणि भावकीतल्या तिघी धरून अकराजणी झाल्या. जत्रा बारा दिवस पुढं गेली. पै-पावण्यांना फोन गेले, सांगून ठेवलेली बकरी पुन्हा चरायला सुटली.

“पण ती पस्तीस पूर्णांक आठची नोंद तक्त्यात नाही,” भैरवी म्हणाली.

“तक्ता त्याच्यानंतर सुरू केला, मॅडम. त्याआधी आमचं काय धड हुतं व्हय?”

घरात शिरताना चुलीवरच्या गरम पाण्यानं हातपाय धुवायला लावलं. आत बाळंतिणीच्या खोलीत नेहमीची धुराची शेगडी नव्हती. भिंतीला टेकून बाळाचा बाप ज्ञानू बसला होता, सदरा काढलेला, छातीवर झोळी आणि झोळीत मुठीएवढं डोकं. बायका म्हशी सोडायला गेल्या की ही वेळ त्याची. पाव्हणीला बघून तो लाजला, पण हलला नाही. हाललं की ती उठते, असं पुटपुटला. शालूबाईनं कोपऱ्यातून टोला हाणला की पोरीला घोंगडं कशाला पाहिजे, बापच अस्वलागत केसाळ मिळालाय. खाटेवर निजलेली अनुजा डोळे मिटूनच हसली.

भैरवीनं तक्त्याची वही मागितली. प्रत्येक नोंदीपुढं धरणाऱ्याची खूण होती: कुणाची सही, कुणाचा अंगठा. पहाटे तीनच्या नोंदीपुढंही. बदली कशी होते तेही तिनं विचारून घेतलं. येणारी बाई आधी शेजारी येऊन टेकायची, अंग ऊब धरेपर्यंत तशीच बसायची, मग दोघींवर एकच चादर ओढून आतल्या आत बाळ एकीकडून दुसरीकडं सरकायचं. बाहेरची हवा त्याला लागायचीच नाही. तिच्या प्रयोगशाळेत दर वेळी दार उघडावं लागे. इथं दारच नव्हतं.

तरी तिच्यातली विद्यार्थिनी गप्प बसेना. ऊब कातडीचीच आहे, गोधडीची नाही, हे कळायला तुलना हवी. दहा मिनिटं बाळाला गोधडीत खाली ठेवून मोजूया का, असं तिनं विचारलं. बोलून झाल्यावरच आपण काय मागितलं ते तिला कळलं. ज्ञानूचा हात झोळीवर जाऊन बसला.

शालूबाई जवळ आली. रागावली नव्हती.

“ते आमी एकदा बघितलंय, पोरी. तुला खरं-खोटं करायचंच हाय न्हवं? मग तूच घे की.”

भैरवीला नाही म्हणता येईना. तिनं पुन्हा हात धुतले, तिला आडोसा धरला गेला, ज्ञानूकडून बाळ आधी अनुजाच्या जावेनं घेतलं, अंग ऊब धरेपर्यंत भैरवी तिला चिकटून बसली आणि चादरीआड ते बाळ तिच्या छातीवर आलं.

वजन असं काही नव्हतंच. भिजलेल्या फुलपाखराला असावं तेवढं. मग हळूहळू तिला एकेक कळत गेलं. तिच्या एका ठोक्यात बाळाचे दोन ठोके पडत होते. श्वास भराभर चाले, मध्येच थांबे, आणि तिचा स्वतःचा श्वास आत गेला की त्याचाही पुन्हा सुरू होई. नख, कानाची पाळी, पापणी, सगळं पूर्ण होतं. फक्त स्वतःची ऊब धरून ठेवायला लागते ती चरबी तेवढी अजून आली नव्हती. तेवढी एक गोष्ट अकराजणी, एक बाप आणि एक आई आळीपाळीनं उसनी देत होते. उष्णतेचं गणित तिनं परीक्षेत सोडवलेलं. त्या गणितात कुणी जत्रा पुढं ढकलल्याचं पद कुठंच नव्हतं.

तिनं कचेरीतून तपासून आणलेला थर्मामीटर क्रांतीकडून बाळाच्या काखेत लावून घेतला. छत्तीस पूर्णांक सात. तासाभरानं पुन्हा लावला. छत्तीस पूर्णांक आठ.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. क्रांतीनं तो तिच्या कानाशी धरला. संयोगिताताईंनी काय निघालं ते विचारलं.

“आकडे खरे आहेत, ताई.”

“कशावरून?”

“सगळं सांगते. पण आत्ता मोठ्यानं बोलता येत नाही, ती झोपलीय.” भैरवीचा आवाज कुजबुजीएवढा झाला होता. “आणि पावणेपाचपर्यंत मला हलता यायचं नाही. तोवर माझी पाळी आहे.”

संयोगिताताईंनीही आवाज खाली आणला आणि विचारलं, “वजन किती भरलं?”

भैरवीनं क्रांतीकडं पाहिलं. क्रांतीनं वहीचं पान तिच्यासमोर धरलं.

“आज सकाळी अठराशे पंच्याऐंशी.”