मऊ लेंडी

उत्तरेश्वरनं सशाचं पिल्लू तळहातावर घेतलं, अंगठ्यानं हळूच पोट दाबून बघितलं आणि परत खोक्यात ठेवलं. मग दुसरं उचललं. मग पुन्हा पहिलंच. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. गिरणीवर दळणाचे चार डबे येऊन पडले होते आणि त्यानं अजून पट्टासुद्धा चढवला नव्हता.

त्याची बायको सत्यशीला जाऊन दीड महिना झाला होता. ससे तिचे. दिवाळीला भाऊबीजेला ती परळीला माहेरी गेली, तेव्हा भावानं, सोमनाथनं, ओवाळणीत साडीऐवजी सशांची जोडी घातली. नर भुऱ्या, मादी ढवळी. सासरी नांदूरघाटला येईपर्यंत तिनं ती एसटीत मांडीवर धरली होती. पुढं तेराव्याला सोमनाथ आला आणि जाताना भुऱ्याला उचलून घेऊन गेला. म्हणाला, "जोडी मी दिलती." उत्तरेश्वर म्हणाला, "दुसरी बी ने." पण ढवळी काही पिंजऱ्यातून निघेना, आणि दोघांपैकी कुणीच दुसऱ्यांदा हात घातला नाही.

ढवळी तेव्हाच गाभण असली पाहिजे. महिन्याभरानं तिनं छातीचे केस उपटून कोपऱ्यात गादी केली आणि पाच पिल्लं दिली. बोटाएवढी, उघडी, लालसर. तिसऱ्या दिवशी ढवळी मेली. आदल्या दिवसापासून तिनं चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं.

पाच पिल्लं घेऊन उत्तरेश्वर ओट्यावर बसला तेव्हा शेजारची बायनाबाई दळण घेऊन आली होती. बायनाबाईनं सात नातवंडं न्हाऊ-माखू घातलेली. तिला यातलं सगळं कळत होतं.

"शेळीचं दूध घाल," ती म्हणाली. "वळवळलं की पाज. लेकराला भुकेलं ठिवू नये."

त्यानं तसंच केलं. पिचकारीची सुई काढून दर दीड-दोन तासाला दूध. पिल्लं पीत होती. पोटं गोल झाली, कातडी ताणून चकाकायला लागली, तेव्हा त्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. पाचव्या दिवशी पोटं दगडासारखी घट्ट लागायला लागली. बायनाबाईनं घरून सहाण आणली. मुरडशेंग, वेखंड, जायफळ, प्रत्येकाचे दोन-दोन वेढे उगाळले आणि बाळघुटी करून दिली.

"पोट मोकळं व्हतं ह्यानं. माझी सातीच्या साती ह्याच्यावरच वाढली."

घुटी दिली. सकाळी एक पिल्लू ताठ झालं होतं. दुपारी दुसरं.

तेव्हा तो उठला. गिरणीला कुलूप लावलं, उरलेली तीन पिल्लं ढवळीच्या केसांसकट चपलेच्या खोक्यात घातली आणि जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथं रुचिका नावाची तरुण डॉक्टर होती. म्हशीला इंजेक्शन देऊन हात धूत होती.

"दिवसातून किती वेळा पाजता काका?"

"रडलं की."

"सशाचं पिल्लू रडत नाही."

"वळवळलं की."

डॉक्टरीणबाईनं एक पिल्लू उताणं केलं, पोटावर बोट टकटकवलं. बारीक ढब ढब आवाज आला. "यांची आई दिवसातून एकदा पाजते. चार-पाच मिनिटं. मग दिवसभर फिरकत पण नाही."

"मग बाकीचा दिवस काय करायचं त्येंनी?"

"झोपायचं. दूध जिरवायचं. तुम्ही जिरूच देत नाही. अन् ती घुटी बंद करा. हे माणसाचं लेकरू नाही." मग तिनं विचारलं, "मुततात का?"

उत्तरेश्वरला ते माहीत नव्हतं.

"आपली आपण मुतत नाहीत इतक्यात. आई चाटते तेव्हा होतं. पाजून झालं की कोमट पाण्यात कापूस भिजवायचा अन् खालून हळूहळू पुसायचं, होईपर्यंत. दूध सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कोमट. पिल्लू उताणं नाही धरायचं, उभं धरायचं, नाहीतर दूध छातीत जातं. थेंब थेंब. पोट भरलेलं दिसलं पाहिजे, ताणलेलं नाही."

तिनं कापसानं पुसून दाखवलं. पिल्लानं तिच्या बोटावर मुतलं तेव्हा उत्तरेश्वर नकळत हसला.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "डोळे उघडले की ही चाऱ्याला तोंड लावणार. चारा पचवायला पोटात जे जंतू लागतात ते पिल्लांना आईकडून मिळतात. सशाची लेंडी दोन तऱ्हेची असते. एक कोरडी गोळी. दुसरी मऊ, चकचकीत, बारक्या द्राक्षांचा घोस असावा तशी. ती ससा खाली पडू देत नाही, वाकून तिथंच तोंडात घेतो. ती लेंडी थोडी दुधात कालवून तीन-चार दिवस द्यायची. नाही दिली तर पोट पुन्हा बिघडतं. हाताने वाढवलेली पिल्लं बहुतेक तिथंच जातात."

"कुठं मिळंल?"

"निरोगी मोठ्या सशाची पाहिजे. बाजारातला नको, त्याला काय आजार असतील कळत नाही. ओळखीचा आहे का कुणाकडं?"

ओळखीचा एकच होता.

घरी येऊन त्यानं सोमनाथला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्या दिवशी लावला, तसंच. त्याला नवल वाटलं नाही. राख सावडायच्या दिवशी सगळ्या भावकीसमोर सोमनाथ म्हणाला होता, "आक्का तीन महिने सांगत व्हती पोट फुगलंय म्हणून. अन् ह्या माणसानं तिला ओवा चारला." त्यानंतर दहा दिवस सोमनाथचे फोन येत होते आणि उत्तरेश्वर उचलत नव्हता.

अकराव्या दिवशी पिल्लांचे डोळे उघडले. बाराव्या दिवशी त्यानं खोकं पिशवीत ठेवलं, पिशवी मांडीवर धरली आणि केजला जाऊन परळीची गाडी पकडली. अंबाजोगाईपर्यंत त्यानं पाच वेळा पिशवीत हात घातला. शेजारचा माणूस शेवटी म्हणाला, "अंडी हायती का बे? उबवायलाव व्हय?"

"ससे."

"मग हात काढ. झोपू दे त्येंला."

त्यानं हात काढला. घाट उतरेपर्यंत तो हात कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

सोमनाथ परळीला थर्मल वीजकेंद्राच्या राखेचा टँकर चालवायचा. घरापुढच्या पेरूच्या पानांवर करड्या राखेचा थर होता. तो नुकताच गाडीवरून आलेला, भुवयासुद्धा करड्या. दारात मेव्हणा बघून तो तिथंच थांबला.

"काय काम हाय?"

उत्तरेश्वरनं वाटभर बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

"भुऱ्याची लेंडी पायजे व्हती."

आत चुलीपाशी सोमनाथची बायको रोहिणी होती. तिच्या हातून उलथनं पडलं.

"लेंडी," सोमनाथ म्हणाला. "आक्का गेली तवा धा दिस माझा फोन उचलला न्हाई. अन् आता ऐंशी किलोमीटर लेंडी मागायला आलाव."

"मऊ लागती. ताजी."

"आमच्याकडं वाळलेली हाय. पोतंभर न्या."

रोहिणी पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं पिशवीत वाकून बघितलं. "अवं, ही ढवळीची का? ढवळी कुठं हाय?"

त्यानं सांगितलं. पाच होती, तीन राहिली हेही सांगितलं. सोमनाथ तोंड धुवायला गेला. बराच वेळ धूत राहिला. परत आला तेव्हा टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून खोक्याजवळ बसला आणि एकाच्या नाकाकडं बघत म्हणाला, "ह्याचं नाक भुऱ्याचं हाय."

दिवे लागायच्या वेळी पाजायची वेळ झाली. रोहिणीनं शेजारून शेळीचं दूध आणून कोमट केलं. उत्तरेश्वरनं पिल्लू उभं धरलं, थेंब ओठाला लावला, गिळेपर्यंत थांबला, दुसरा थेंब. मग कापूस. सोमनाथ उंबऱ्यावर बसून बघत होता.

"हे कुणी शिकिवलं?"

"डॉक्टरीणबाईनं. दवाखान्यात गेलतो."

"गेलाव व्हय," सोमनाथ म्हणाला. "एवढ्याशा जिवाचं पोट फुगलं तर दवाखान्यात गेलाव."

रोहिणी म्हणाली, "आवं, गप बसा की."

उत्तरेश्वरनं पिल्लाचे ओठ पुसले. "दोन मेल्यावर गेलतो," तो म्हणाला.

जेवणं झाली. त्याला झोपायला गादी घातली होती, ती सत्यशीलाची माहेरपणाची, हे त्याला उशीच्या अभ्र्यावरच्या तिच्या टाक्यांवरून कळलं. त्यानं खोकं उशाशी घेतलं.

डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, मऊ लेंडी बहुतेक पहाटे निघते. उजाडायच्या आधीच तो पिंजऱ्यापुढं जाऊन बसला. थोड्या वेळानं सोमनाथ दोन कप चहा घेऊन आला. एक त्याच्यापुढं ठेवला, शेजारी उकिडवा बसला. भुऱ्या कोपऱ्यात कान पाडून बसला होता. त्याला त्या दोघांशी काही देणंघेणं दिसत नव्हतं.

"कळंल कसं?" सोमनाथनं विचारलं.

"वाकतो म्हनं. आपलंच बूड चाटल्यावानी. तवा मधी हात घालायचा."

"हग की बे," सोमनाथ सशाला म्हणाला. "पावनं थांबलेत."

चहा संपला. थर्मलकडून भोंगा झाला. तेवढ्यात भुऱ्या वाकला. उत्तरेश्वरनं दार उघडलं, हात आत घातला, पण ऐन वेळी सशाला धक्का लागेल म्हणून बोटं थबकली. भुऱ्यानं मान वर केली तेव्हा तो चावत होता. ओठ चकचकत होते.

"खाल्ली," उत्तरेश्वर म्हणाला.

"बघत बसलाव."

"व्हय. बघतच बसतो मी." तो पिंजऱ्याच्या जाळीकडं तोंड करून बोलत होता. "ओवा मीच दिलता. सोडा बी. आठ दिसांनी इचारायचो, कसं वाटतंय. ती म्हणायची, आज जरा बरं हाय. मला तेवढंच ऐकायचं असायचं. गिरणी चालू करायला पळायचो मी."

सोमनाथनं जमिनीवरची राख बोटानं एका बाजूला सारली, मग पुन्हा दुसऱ्या बाजूला.

"भाऊबीजेला आलती," तो म्हणाला, "तवा ओवाळायला वाकली अन् उठता येईना तिला. पोटाला हात लावून उठली. म्या बघितलं. म्हणलं, बसमधी बसून पाय आखडले असतील. तिला ससे दावायचे व्हते मला. लई घाई झाली व्हती." थोड्या वेळानं म्हणाला, "म्या बी बघितलंच व्हतं."

भुऱ्या पुन्हा वाकला. या वेळी उत्तरेश्वर हलायच्या आत सोमनाथचा हात आत गेला. टँकरच्या स्टिअरिंगनं घट्टे पडलेला मोठा हात, पण सशाच्या मिशीलाही लागला नाही. बाहेर काढला तेव्हा तळव्यावर तो घोस होता. काळपट, ओला, बारीक मण्यांचा. वासानं दोघांनी तोंड फिरवलं.

"ह्याच्यासाठी ऐंशी किलोमीटर," सोमनाथ म्हणाला.

रोहिणीनं आपली वाटी द्यायला साफ नकार दिला. शेवटी चहाच्या फुटक्या बशीत दोन मणी दुधात कालवले. पिल्लांनी तोंड वाकडं केलं, मग गिळलं. सर्वात बारक्यानं निम्मं बाहेर काढलं. उत्तरेश्वरनं त्याला तेवढंच पुन्हा दिलं, थेंब थेंब.

"हे तीन-चार दिस द्यावं लागतं," तो म्हणाला आणि पिंजऱ्याकडं बघितलं.

सोमनाथनं द्राक्षाचं रिकामं क्रेट आणलं, तळाला गवत घातलं, भुऱ्याला त्यात बसवून वर जाळी बांधली. "घेऊन जावा. पर आणून सोडायचा. तुमी सोताच आणायचा, कुणाच्या हाती धाडायचा न्हाई." मोटारसायकलवरून त्यानं स्टँडवर सोडलं. गाडी लागेपर्यंत तो थांबला, आणि खिडकीतून म्हणाला, "दाजी, त्येच्यात सारखा हात घालू नका."

घरी आल्यावर तीन पहाटा उत्तरेश्वर एकटाच पिंजऱ्यापुढं बसला. आता त्याचा हात वेळेवर जात होता. बायनाबाई दळणाला यायची, नाकाला पदर लावायची. "सशाचं गू चारतोय लेकरांला," ती गावभर सांगून आली, पण रोज बघायलाही यायची. खोक्यात वाळलेल्या गवताच्या काड्या टाकल्या होत्या. पाला नाही, गूळ नाही, भाकरी नाही. मोठी दोन पिल्लं काड्या कुरतडायला लागली. बारकं कुरतडत नव्हतं. त्याचं पोट पातळ वाहत होतं, शेपटीखाली केस चिकटलेले. उत्तरेश्वर ते कोमट पाण्यानं पुसायचा, पोट बघायचा, ठेवायचा. हात घालायचा नाही असं ठरवून गिरणीवर जायचा आणि पट्टा चालू ठेवून परत यायचा.

चौथ्या दिवशी दुपारी खोक्याच्या तळाच्या कागदावर त्याला काहीतरी दिसलं. तो गुडघ्यावर बसला. मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या, कोरड्या, गोल. बोटानं दाबल्या तर आत गवताचा भुगा निघाला. त्यानं फोन लावला. पहिल्याच वाजण्याला उचलला गेला. मागं टँकरचं इंजिन चालू होतं.

"लेंडी टाकली," उत्तरेश्वर म्हणाला.

"वाळलेली?"

"खडखडीत."

"तिघांनी?"

"दोघांनी. बारकं अजून न्हाई. ते काडी तोंडात धरून बसलंय. खातंय का नुसतं धरलंय ते कळंना."

पलीकडं सोमनाथनं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

"मग फोन ठिवू नका, दाजी," तो म्हणाला. "बघा. मी हाय."

उत्तरेश्वरनं फोन खांद्यात धरला, दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले आणि बारक्याच्या तोंडाकडं बघत बसला.