खिंडीच्या अलीकडे

पाचव्या वळणापर्यंत आमची मोटरहोम इतकी लांब झाली होती की, मी मागे ओट्याशी दूध तापवत असताना वरच्या रस्त्यावरून हेमकांत उलट दिशेने जाताना मला खिडकीतून दिसले. डोक्यावर टोपी, काच खाली, कोपर बाहेर. मी हात केला. त्यांचं लक्ष रस्त्यावर होतं, आणि ते बरोबरच होतं.

निघताना गाडी वीस फुटांची होती. भाड्याने देणाऱ्याकडून हेमकांतनी टेप लावून खात्री करून घेतली होती. ते भाजीवाल्याकडचा दुधीसुद्धा वितीने मोजतात.

आम्ही धामणदऱ्याहून येत होतो. तिथे पंधरा दिवस श्रमदान केलं. गावाच्या वरच्या अंगाला पाणी अडवायला दगडी बांध घालायचा होता आणि दगडांची घमेली माणसांच्या साखळीतून हातोहात वर जायची. माझ्या वरच्या जागी मैनाबाई उभ्या असत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम सांगितला होता. "घमेलं भुईला टेकवायचं न्हाई ताई. आन् जागा सोडायची, तर आपल्या जागी मानूस हुबा करायचा, मग सोडायची." शेवटच्या दिवशी बांध दोन हात राहिला होता. मी घमेलं खाली ठेवलं.

"अगं, कुणाच्या तरी हातात दे," हेमकांत म्हणाले.

"कंबरेचा काटा ढिला झालाय माझ्या. चला आता."

साखळी थांबली. कुणी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, मी भांडून मोकळी झाले असते. हेमकांतनी गाडी सुरू केली. मग एवढंच म्हणाले, "तू सांगशील तिथे थांबतो."

पहिल्या वळणावर टेबल आणि ओटा यांच्यामध्ये एक पाऊल वाढलं. दुसऱ्यावर चार. तिसऱ्या वळणावर मी "अहो" म्हटलं आणि "ओ" यायला एक पूर्ण चढ जावा लागला. चौथ्यानंतर "ओ" आलंच नाही.

घाटाच्या माथ्यावर खिंड होती. ती मला खिडकीतून स्वच्छ दिसत होती, दोन कड्यांच्या मधे आभाळाची एक फट. हेमकांत तिच्यापलीकडे गेले की गाडीचं तोंड कोकणाच्या उताराला लागणार आणि मी इकडे चढावरच राहणार. मग ते वरच्या रस्त्यावरूनही दिसणार नाहीत. त्याआधी त्यांना थांबवायला हवं होतं.

मी चहा गाळला, कपावर बशी ठेवली आणि पुढे चालायला लागले. ओटा गेला, टेबल गेलं, पलंग गेला. पुढे पुन्हा ओटा होता. त्यावर माझंच पातेलं, माझीच गाळणी. चौथ्या ओट्यावरची गाळणी सुकून गेली होती. चालून चालून पाय भरून आले आणि बशी काढून पाहिलं, तर चहावर साय धरली होती.

सहाव्या ओट्यापाशी मैनाबाई उभ्या होत्या. त्यांच्यापुढे हातभर अंतरावर एक माणूस, त्याच्यापुढे एक बाई, आणि अशी सगळी साखळी पुढे वळणाआड गेलेली. सगळे धामणदऱ्याचे. कुणाच्या पायात चपला नव्हत्या, गाडी स्वच्छ राहावी म्हणून दाराशी काढल्या असणार.

"तुम्ही कधी चढलात?" मी विचारलं.

"जागा मोकळी व्हती," मैनाबाई म्हणाल्या.

"मला पुढे जायचंय. ह्यांना चहा द्यायचाय."

"आना हिकडं. तुमी गेलात तर तुमच्या मागं कोन हाय?"

मी मागे पाहिलं. इतकी चालले होते, पण गाडीची मागची काच माझ्या पाठीशीच होती. बाहेर रस्ता मागे मागे पळत होता.

"कुणी नाही."

"मंग तुमी हालू नका."

मी कप दिला. तो हातोहात वळणाआड गेला. खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. हेमकांतच्या हातात कप मी स्वतः देऊ शकत नाही, याचंच फार वाईट वाटलं. बत्तीस वर्षांत त्यांचा चहा मी दुसऱ्या कुणाकरवी पाठवला नव्हता.

कप रिकामा परत आला. तळाशी साखर होती. ते ढवळत नाहीत, कितीदा सांगितलं तरी.

"त्यांना सांगा, थांबा," मी म्हणाले.

"थांबा," मैनाबाई पुढच्याला म्हणाल्या. तो त्याच्या पुढच्याला म्हणाला. शब्द लांब लांब गेला. मी खिडकीला नाक लावून बसले. वरच्या रस्त्यावर गाडीचा निळा पट्टा सरकतच होता, खिंड आता त्याच्यापासून फार तर दोन वळणं राहिली होती.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. मैनाबाईंनी ते मला दिलं. "त्ये इचारत्यात, कुठं?"

मी बाहेर पाहिलं. माझ्या खिडकीत करवंदीची जाळी होती आणि एक कठडा. त्यांच्या पुढ्यात काय होतं, ते मला कसं दिसणार?

"म्हणावं, तुम्हाला बरी जागा दिसेल तिथे."

तेही गेलं. गाडी आणखी एका वळणाने वाढली, तसा शब्दाचा रस्ताही वाढला. रांगेतली माणसं मात्र कमी पडत नव्हती. उत्तर आलं तेव्हा मैनाबाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

"त्ये म्हनत्यात, मला इथनं काय बी दिसत न्हाई. धुकं हाय. तूच बघ."

शब्दांमागोमाग स्टिअरिंग आलं. ते वळणाआडून निघालं आणि हातोहात खाली येत राहिलं. ज्याच्या हातात जाईल तो जरा डावीकडे, जरा उजवीकडे फिरवून मगच पुढच्याला देत होता. मैनाबाईंनी पदराने पुसून ते माझ्या हातात दिलं. हेमकांतच्या तळव्यांचा घाम अजून त्याला होता. मी ते घट्ट धरलं आणि मला रडू आलं, पण डोळे पुसायलाही हात मोकळे नव्हते.

गाडीचं तोंड खिंडीला लागत आलं. मी चाक डावीकडे वळवलं. रांगेतली सगळी माणसं डावीकडे झुकली. वर, खूप दूर, निळा पट्टा खिंडीच्या तोंडाशी गेला आणि न शिरता कड्याच्या कडेने वळला. मी डावीकडेच धरून ठेवलं. डोंगर आमच्या वेढ्यात आला. एका खिडकीत त्याचं ऊन होतं आणि समोरच्या खिडकीत त्याचीच सावली. धुकंही येऊन गेलं.

"आता सोडू नका," मैनाबाई म्हणाल्या.

"नाही सोडत."

मागून हॉर्न वाजला. मी मान वळवली. मागच्या काचेला अगदी खेटून एक मोठी काच येत होती, तिच्यामागे टोपी होती आणि टोपीखाली हेमकांत. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले होते, तळवे वर करून, घ्यायला.