सासऱ्याचं नाव

धोंडुबाईच्या तोंडाला धरमतरच्या खाडीकाठचं ते अख्खं गाव वचकून असे. पण त्या तोंडानं लग्न झाल्यापासून एक नाव कधी काढलं नव्हतं, ते सासऱ्याचं. आमच्याकडे सून नवऱ्याचं नाव उखाण्यात तरी घेते, सासऱ्याचं कशातच घेत नाही. रेशनकार्डवाला विचारायला आला की ती भिंतीवरच्या त्याच्या फोटोखालच्या नावाकडे बोट दाखवी आणि म्हणे, वाच तूच, शिकलायस ना.

त्या दिवशी गाव देवळाच्या मंडपात जमलं होतं, कारण रोह्याहून प्रतिक्षा नावाची मुलगी आली होती. खाडीकाठी पूर्वी आयर्लंडच्या मिशनरी सिस्टर लोकांचा दवाखाना होता. तो बंद होऊन त्या कधीच्या गेल्या, पण इथून त्यांनी आपल्या मठात धाडलेली पत्रं तिकडे जपून ठेवली होती. आता मठवाले त्यांचं पुस्तक काढणार होते आणि दवाखान्याच्या जागी एक दगडी पाटी लावणार होते. पत्रांतली माणसं कोण, हे विचारून लिहून घ्यायला त्यांनी प्रतिक्षाला नेमलं होतं.

पाटीवर काय लिहायचं ते हरेशनं आधीच ठरवून टाकलं होतं. हरेश हा धोंडुबाईच्या थोरल्या दिराचा मुलगा, गावकीत त्याचा शब्द चाले. दवाखान्याची जागा त्याच्या आजोबांची, म्हणून पाटीवर नाव आजोबांचं. ते नसते तर त्या गोऱ्या बायांना गावात पाय ठेवता आला नसता, हे तो कडक इस्त्रीच्या कपड्यांत पहिल्या रांगेत बसून दोनदा सांगून चुकला होता. धोंडुबाई खांबाला टेकून ऐकत होती. हसत होती म्हणा ना.

प्रतिक्षा पत्रं मराठीत वाचून दाखवू लागली. पहिल्यात मच्छर होते, गळकं छप्पर होतं, आणि स्वयंपाकीण हौसा खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण कसं करते त्याचं कौतुक. बाया हसल्या. हौसा म्हणजे धोंडुबाईची आई. दुसऱ्या पत्रात हौसा मेली होती. गोऱ्या बायांच्या घरचं पाणी प्याली म्हणून गावकीनं तिला वाळीत टाकलं होतं. विस्तव बंद, पाणी बंद, बोलणं बंद. ती गेली तेव्हा खांद्याला एक माणूस आला नाही. चार सिस्टरांनी तिरडी उचलली आणि पुढे मडकं घेऊन तिची लहान मुलगी चालली.

तिसरं पत्र छोटं होतं. सिस्टरनं लिहिलं होतं: 'ज्या पंचानं हौसाला वाळीत टाकलं, तोच दिवेलागणीला आमच्या मागच्या दारी येतो. त्याच्या बायकोच्या छातीत रोग आहे. मी त्याला शब्द दिला आहे, म्हणून नाव लिहीत नाही. औषधाची बाटली हौसाची मुलगी त्याच्या हातात देते. ती त्याच्याकडे बघत नाही.'

हा पंच कोण, असं प्रतिक्षानं विचारलं. हरेशनं घाईनं हात झटकला. ती पिढीच गेली, तो म्हणाला, असेल कुणी मिठागरावरचा अडाणी. मागे बसलेल्या म्हाताऱ्या कान्हूनं, ज्याची हयात मिठागरात गेली, मान खाली घातली.

धोंडुबाईचं हसू तिथं सरलं. हौसा गेल्यावर त्याच पंचानं पोरक्या धोंडीला आपल्या धाकट्या मुलाला, सखाला, करून घेतली होती. गाव म्हणालं, काय मन मोठं. मन कसलं मोठं. पोरीनं उद्या कुठं बोलू नये म्हणून तिला सून केली. सून झाली की तोंडाला आपोआप कुलूप. आणि तिची सासू, जी त्या बाटल्यांवर जगली, ती मरेपर्यंत हिला वाळीतल्या घरची म्हणून हिणवत राहिली. हिनं भरलेलं पाणी देवाला चालत नसे. बाटल्या कुणाच्या हातून येत होत्या ते त्या पंचानं आपल्या बायकोला सांगितलंच नव्हतं.

धोंडुबाई खांबाला धरून उठली.

"लिही गो पोरी. त्याचं नाव जनू."

बायांचे पदर तोंडाला गेले. हरेशला आधी कळलंच नाही, कारण काकीच्या तोंडून ते नाव त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

"जनू हाशा म्हात्रे," ती म्हणाली. "नीट आलं ना ऐकायला? नायतर परत सांगते."

"काकी, सासऱ्याचं नाव घेतलंस? देवळात?"

"माझ्या आयशीला त्यानं देवळातच वाळीत टाकली. मग नाव कुठं घेऊ, एसटीत?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. तिचा स्वतःचा मुलगा निलेश मात्र उठून तिच्याजवळ आला आणि दंड धरून हळू म्हणाला, "आई, बस कर. माझेपण आजोबा ते. माझ्या पोरांनी उद्या तोंड कसं दाखवायचं?"

हे तिला लागलं. नातवंडं त्याच आडनावाची होती, नाव बुडालं तर त्यांचंही बुडणार होतं. तरी तिनं दंड सोडवून घेतला.

"मी लग्न झाल्यापासून दाखवतेच हाय. तुमी पण शिकाल."

हरेश म्हणाला, गावकीला बसावं लागेल. धोंडुबाईनं सांगितलं, खुशाल बसा, वाळीत राहायची मला बाळपणापासून सवय हाय, पण आता त्याला गुन्हा म्हणतात, तेवढं पेणला वकिलाला विचारून बसा.

प्रतिक्षा गोंधळली होती. सांगणाऱ्याचं नावही पुस्तकात लागतं, ती म्हणाली, 'जनू म्हात्रे यांच्या सूनबाई' असं लिहू का?

"नाय. हौसाची लेक लिही. तिला खांदा नाय मिळाला, पुस्तकात जागा तरी मिळू दे."

प्रतिक्षानं लिहिलं. धोंडुबाईनं तिला ते मोठ्यानं वाचायला लावलं. मग म्हणाली, पाटी हरेश म्हणतो तशीच करा. जागा सासऱ्याचीच होती, मी कशाला खोटं बोलू. वर त्याचं नाव, आणि खाली हे तिसरं पत्र, अक्षर न् अक्षर.

हरेश ताडकन म्हणाला की मग पाटीच नको.

"कशी नको? चांगली मोठी लावा, बाबा," धोंडुबाई खाली बसत म्हणाली. "सून हाय मी त्याची. रोज येऊन पुसून ठेवीन."