तिसऱ्या पेल्यातली मीरा

सॉसच्या पृष्ठभागावर तेलाचं एक कडं होतं. काचेला लागून, दोऱ्याइतकं बारीक. बाटली उजेडाकडे तिरकी केली की ते पिवळसर चमकायचं. कामिनीनं बाटली ओट्यावर ठेवली, वाकून डोळे बरोबर सॉसच्या पातळीला आणले आणि श्वास रोखला. प्रयोगशाळेत ती असंच वाचायची. मागच्या रविवारी तिनं बाटलीला कागदाची एक पट्टी चिकटवली होती. पातळी पट्टीच्या वर होती.

खाली असायला हवी होती. पट्टी लावल्यावर तिनं स्वतःच्या हातानं तीन चमचे काढले होते.

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली होती आणि जळगाव सकाळी दहालाच दारं-खिडक्या लावून बसलं होतं. पुढच्या खोलीत अक्का, म्हणजे तिच्या सासूबाई यशोदाबाई, पंख्याखाली माळ ओढत बसल्या होत्या. मण्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

कामिनी एका खासगी प्रयोगशाळेत माती आणि विहिरींचं पाणी तपासायची. केळीवाले शेतकरी पिशव्या घेऊन यायचे, ती त्यांना आकडे द्यायची, आणि तिचा आकडा चुकत नाही असं पंचक्रोशीत बोललं जायचं. पण या तपकिरी बाटलीचा हिशोब तिनं कधी मांडला नव्हता. बाटली ललितनं, तिच्या नवऱ्यानं, भरली होती. ललितला जाऊन सहा वर्षं उलटली होती. रविवारी तीन चमचे या दरानं ती पहिल्याच वर्षी संपायला हवी होती. हे तिला कळत नव्हतं असं नाही. काही गणितं माणूस मुद्दाम सोडवत नाही, तसं हे होतं. मागच्या रविवारी तिनं पट्टी लावली तीही जणू दुसऱ्याच कुणीतरी लावली, अशा घाईनं लावून ती बाजूला झाली होती.

फोन वाजला. धुळ्याहून भूषण होता, तिचा धाकटा दीर.

"वहिनी, आज मीराबाई चालू आहे ना?"

"आत्ता टोमॅटो टाकतेय पाण्यात."

"माझा पेला झाकून ठेवा. संध्याकाळपर्यंत पोचतो. आमच्याकडे हिला सांगितलं तर म्हणते, टोमॅटोचं सार थंड करून पी आणि गप बस." तो हसला. मग म्हणाला, "कुंभाराकडे निघालोय. घागर एक आणू की दोन?"

दर आखाजीला भूषण हे विचारायचा आणि दर आखाजीला कामिनी म्हणायची, अक्कांना विचारा. अक्का म्हणायच्या, एक. ती एक घागर सासऱ्यांची, तोताराम आबांची. पाण्यानं भरायची, वर खरबूज ठेवायचं, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. घागर भरतात ती गेलेल्यांच्या नावानं. ज्याचं काय झालं हे कुणालाच माहीत नाही, त्याच्या नावानं ती भरली तर त्याला आपल्या हातानं पलीकडे ढकलल्यासारखं होतं. आणि नाही भरली, आणि तो खरोखर गेलेला असला, तर तो ऐन वैशाखात उंबऱ्याशी तहानलेला उभा राहतो. अक्का असं कधी बोलल्या नव्हत्या. पण आखाजीच्या दुपारी त्या दार उघडं ठेवायच्या.

"अक्कांना विचारते," कामिनी म्हणाली.

"नको. यंदा तुम्ही सांगा. मी कुंभाराकडून परत फोन करतो."

तिनं टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढले, गार पाण्यात टाकले. चिरा दिलेली सालं आपोआप सुटली. ती सोलताना तिच्या बोटांना सवयीनं सगळं येत होतं. ललित महामार्गावरच्या एका हॉटेलात बार सांभाळायचा. दिवसभर लोकांना दारू ओतून द्यायचा आणि स्वतः सोडासुद्धा प्यायचा नाही. तिथे टोमॅटोच्या रसाचं एक तिखट-खारट पेय दारूविना बनायचं. ते त्याला घरी करायचं होतं. अडचण दोन गोष्टींची होती. त्यात पडणाऱ्या बाटलीबंद सॉसमध्ये मासे असतात, आणि अक्कांच्या गळ्यात तुळशीची माळ. म्हणून त्यानं स्वतःच सॉस करायला घेतला. चिंच, गूळ, आलं, मोहरी, लवंग, हिंग, आणि आपल्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल. तीन वेळा फसला. चौथ्यांदा जमला तेव्हा त्यानं पेला आईच्या नाकाशी नेला होता.

"दारू नही ना ह्यामा?"

"नाही अक्का. दारू नसली की याला नुसती मेरी म्हणतात."

"मीरा?" अक्कांना तसंच ऐकू आलं. "मीराबाई ते जहर पी गयी व्हती, बाबा." आणि त्यांनी पेला तोंडाला लावला, दोन घोट घेतले, आणि म्हणाल्या, "जहर चांगलं शे."

तेव्हापासून ती मीरा. रविवारी नाश्ता उशिरा, भाकरीबरोबर किंवा कळण्याच्या धिरड्याबरोबर, आणि त्यासोबत मीराचे तीन पेले. अक्कांचा स्टीलचा, बाकी दोन काचेचे.

मग एका संध्याकाळी ललित मोटारसायकलनं भडगावला गेला. गिरणेला धरणाचं पाणी सोडलं होतं. गाडी फरशी पुलाच्या अलीकडे स्टँडवर लावलेली सापडली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. पाणी ओसरल्यावर लोकांनी नदी दूरपर्यंत शोधली. काही मिळालं नाही. कुणी म्हणालं, पाण्यात अडकलेलं जनावर काढायला उतरला असेल. कुणी म्हणालं, हेल्मेट नीट अडकवून माणूस बुडत नाही, निघून जातो. वर्षभरानं एकानं त्याला सुरतेला पाहिल्याचं सांगितलं, आणि ते एक वाक्य घरात येऊन बसलं ते उठलंच नाही. त्यानंतर अक्कांसमोर कामिनीनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. 'होता' म्हणायचं की 'आहे', हे न ठरल्यामुळे त्याच्याबद्दलची वाक्यंच बंद झाली होती.

रविवारचे पेले मात्र तीनच राहिले. तिसरा खिडकीपाशी, त्याच्या खुर्चीसमोर. संध्याकाळी तो तुळशीत ओतला जायचा.

आणि तो वास.

अधूनमधून ती कामावरून परतायची, फाटकाची कडी काढायची, आणि उंबऱ्यातच तिला भाजलेल्या लवंगेचा आणि दगडफुलाचा वास यायचा. ओटा पुसलेला असायचा. खिडक्या सताड उघड्या, पंखा चालू, अक्का देवाजवळ. वास मिनिटभर असायचा, मग नुसतं ऊन. ललित सॉस शिजवायचा त्या दिवशी त्याच्या शर्टाला हाच वास असे. कामिनी चप्पल न काढता उभी राहायची. अक्कांना विचारायची तिची छाती व्हायची नाही. अक्का म्हणाल्या असत्या, कसला वास, तर तिला स्वतःच्या डोक्याची भीती वाटली असती. आणि म्हणाल्या असत्या, हो, मलाही येतो, तर त्याहून जास्त.

तिनं टोमॅटो, काकडी आणि हिरवी मिरची मिक्सरमधून काढली, चाळणीतून गाळली. काळं मीठ, भाजलेलं जिरं, लिंबू. मग बाटलीचं झाकण उघडलं आणि सॉस हुंगला. चिंच आली, लवंग आली, आणि मागून हलकाच एक गोड, भाजका वास नाकात उतरला. तिनं चमचाभर सॉस बशीत ओतला. तेल बोटानं वेगळं केलं, अंगठ्यावर चोळलं, पुन्हा हुंगलं.

खोबरं.

ललित खोबरं घालायचा नाही. काळ्या मसाल्यात ते असतं, म्हणून तो तयार मसालाच वापरायचा नाही, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. खोबऱ्याचं तेल सुटतं आणि उन्हाळ्यात खवट होतं, हे त्याला तिनंच सांगितलं होतं. हे तेल खवट नव्हतं. हे तेल ताजं होतं. याच आठवड्यातलं.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. सहा वर्षं तिच्या पाठीमागे कुणीतरी उभं असायचं. ते आता हळूच बाजूला होत होतं, आणि तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण घर एकदम मोठं आणि रिकामं वाटलं. गणित सुटलं की उत्तराखाली रेघ मारतात. त्या रेघेखाली आता कुणी येणार नव्हतं.

तिनं भूषणसाठी रस वेगळा झाकून ठेवला आणि तिन्ही पेले भरले. प्रत्येकात सॉसचा चमचा आणि बर्फाचा खडा टाकला, कोथिंबिरीचा देठ ठेवला आणि ताट घेऊन बाहेर आली.

अक्कांनी माळ डोळ्यांना लावून बाजूला ठेवली. स्टीलचा पेला घेतला, एक घोट प्यायल्या.

"मीठ बराबर शे," त्या म्हणाल्या. "भूषणना फोन व्हता का?"

"हो." कामिनीनं तिसरा पेला खिडकीपाशी ठेवला आणि त्या खुर्चीकडे पाठ करून अक्कांसमोर खाली बसली. "अक्का, ते सॉसमध्ये खोबरं घालत नव्हते."

पंखा फिरत होता. अक्का पेल्याच्या काठावरून तिच्याकडे बघत राहिल्या.

"तुम्ही तयार मसाला टाकलात. तेल वर आलंय. मला दिसलं."

"बुधवारले करं," अक्का शेवटी म्हणाल्या. "तू कामवर गयती तवय." मग पदरानं ओठ पुसले. "दगडफूल सरनं व्हतं. मी म्हनं, मसालामा ते राहसच ना. कोन देखस इतलं."

"मी बघते."

"हा. तू देखस. मी इसरी गऊ, घरमा सायन्सवाली शे."

कामिनीला हसू आलं नाही. "कधीपासून करताय?"

"पहिली बाटली सरनी तवयपासून." अक्कांनी पेला मांडीवर धरला. त्यांचा आवाज बारीक झाला आणि त्यात गावचं आणि शहरातलं बोलणं मिसळलं, जसं त्या मनातलं बोलताना व्हायचं. "तळाशी थोडंसं राहिलं होतं. तू बाटली उजेडाला धरून उभी होतीस. हलवत होतीस. तुझं तोंड पाहून माले भ्या वाटनं. म्हटलं, ही रिकामी झाली तर ह्या पोरीचं काय होईल. तो शिजवायचा तेव्हा मी इथूनच बघायची. काय काय टाकतो ते पाठ होतं माले."

"आणि खिडक्या उघडून ठेवायच्या."

"वास जायले नको?"

"जात नव्हता, अक्का. मला यायचा. मला वाटायचं..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग म्हणाली, "मी तिसरा पेला तुमच्यासाठी भरायची. तुम्ही वाट बघताय म्हणून."

"आणि माले वाटे, तूच वाट देखी ऱ्हायनी."

खिडकीतल्या पेल्यात रस आता वेगळा होऊ लागला होता. वर फिकट पाणी, खाली लाल गर, आणि त्यांच्यामधली सीमा अगदी सरळ. बर्फाचा खडा विरघळताना काचेला लागून टिचकन वाजला. पूर्वी कामिनीनं वळून पाहिलं असतं.

"सुरतेचं काय मग?" तिनं विचारलं.

"सुरत." अक्कांनी मान हलवली. "लोकेसनी सुरत. पहिल्यांदा चूल पेटवली ना, चिंच कोळली, गूळ टाकला, तवय हात थांबी गया मन्हा. मनमा आलं, यशोदा, तू हे कशाले करी ऱ्हायनी? तो येनार असता ते त्यानीच करं असतं ना. माले त्याच दिवशी कळनं. पण बोलू कोणाजवळ? तू कुंकू लावून समोर उभी राहायचीस रोज."

"तुम्हाला लावलेलं आवडतं म्हणून लावायची."

"माले आवडस का नही, तो वेगळा हिशोब शे," अक्का म्हणाल्या. "लाव तू. तुन्हं कपाळ शे."

त्यांनी हात पुढे केला. कामिनीला वाटलं, त्या तिचा हात धरतील. पण त्यांनी तिच्या अंगठ्यावरचं तेल आपल्या पदरानं पुसलं, सावकाश, नखाच्या कडेपर्यंत. मग त्यांची नजर खिडकीकडे गेली. खुर्चीवर उन्हाची एक चौकोनी पट्टी आली होती.

"केवढं ऊन शे भाईर," त्या म्हणाल्या. "सहा उन्हाळे झाले. मी दार उघडं ठेवस, पण दारमा पानी कोठे ठेयेल शे त्याले?"

फोन वाजला. कामिनी उठली, ओट्यावरून फोन घेतला आणि परत दारात येऊन उभी राहिली, अक्कांना दिसेल, ऐकू येईल अशी. पलीकडे मडकी एकमेकांवर ठेवल्याचा, कुणीतरी बोटानं ठोकून पाहत असल्याचा आवाज येत होता.

"वहिनी, कुंभाराकडे उभा आहे. एक चांगली निवडलीय, आवाज बघा कसा येतोय. काय करू?"

तिनं अक्कांकडे पाहिलं. त्यांनी माळ पुन्हा हातात घेतली होती, पण मणी सरकत नव्हता.

"दोन आणा, भाऊजी," कामिनी म्हणाली. "एक आबांची. एक ललितची."