पेरिनाच्या आईने बुजवलेले भोक

मित्रांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही उताणे नाही, पोटावर निजला आहात. पाठीवर अंजिराची पाने साचली आहेत, आणि तुमच्या कुशीत एक कोंबडी अंडी घालते आहे. हलता येत नाही, बोलता येत नाही. समुद्राचा आवाज मात्र रोज ऐकू येतो. जमले? मग तुम्हाला माझी चौदा वर्षे कळली. मी एक जुनी होडी आहे, फायबरची.

माझा जन्म झाडापासून झाला नाही. एका मोठ्या साच्यात काचेच्या धाग्यांचे कापड अंथरले, त्यावर चिकट रेझिन थापले, पुन्हा कापड, पुन्हा रेझिन. असे पाच थर वाळले आणि मी टणक होऊन बाहेर निघाले. बेटावर आले तेव्हा लाकडी होड्यांचे मालक मला हसले. "ही होडी आहे की कपडे भिजवायची बादली?" पण दरवर्षी त्यांना आपापल्या होड्यांच्या फटी बुजवत बसावे लागे, आणि मी तोवर मासे घेऊन परतलेली असे. मग हसणे थांबले. वीस वर्षे मी खूप हिंडले. पुढे मालकाने मोठी होडी घेतली आणि मला अंजिराखाली पालथे घातले.

तेथून मला सोडवले दिंकाने. ती बेटावरच्या शाळेत स्वयंपाक करते. तिची मुलगी पेरिना नऊ वर्षांची. आमच्याकडे जुलैत संत आनाचा सण असतो. समोरच्या छोट्या बेटावर तिचे देऊळ आहे, आणि त्या दिवशी प्रत्येक घर आपापल्या होडीने तिकडे जाते. दिंकाच्या घरी होडी नव्हती. मायलेकी दरवर्षी शेजारच्या येरकाच्या होडीत, टोपल्यांच्या मागे अंग चोरून बसत.

"यंदा आपण आपल्या होडीने जायचं," दिंकाने लेकीला सांगितले, आणि फेब्रुवारीत मला विकत आणले.

येरका कुंपणावरून डोकावली. "काय गं दिंका, कोबी लावायला कुंडी आणलीस वाटतं? छान मोठी आहे हो!"

"हस, हस, हसून घे," दिंका म्हणाली. "सणाला तुझ्या पुढे जाईन मी."

दिंकाला होडीतले काही म्हणजे काही ठाऊक नव्हते. पहिल्याच दिवशी तिने रेझिनमध्ये कडक करणारे औषध अंदाजाने ओतले. डबा तापला, धूर निघाला, आणि ब्रश आत दगडासारखा रुतून बसला. धूर पाहून बार्बा श्पिरो आले. बार्बा म्हणजे आमच्याकडे समुद्रावर म्हातारा झालेला माणूस. सगळी पोरे त्यांना असेच म्हणतात.

"पोरी, हे काय सूप आहे का, चव बघून मीठ टाकायला? थेंब मोज, थेंब!"

मग ती थेंब मोजू लागली. तोंडाला फडके बांधून तिने मला पॉलिश पेपरने घासले. तडा दिसला की आधी तो खरवडायचा, कोरडा होऊ द्यायचा, मग कापड आणि रेझिन लावायचे, हे ती हळूहळू शिकली. शाळेतून आली की पेरिना एकेक भोक शोधून त्याभोवती खडूने गोल काढी, आणि आई ते बुजवी. पाच महिन्यांत एकही गोल उरला नाही. मग मला पांढरा रंग लागला, वर निळी पट्टी. मी सुलट होऊन दोन लाकडी टेकूंवर बसले, आणि खरे सांगते, मला स्वतःचा थोडा गर्व झाला.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी वादळी पाऊस कोसळला. तासाभरात माझ्या मागच्या, उताराच्या टोकाला गुडघाभर पाणी साचले. मी जड झाले. एक टेकू करकरू लागला. तो मोडला असता तर मी खालच्या खडकांवर आपटले असते.

बार्बा भिजतच धावत आले. "दिंके! अगं बघतेस काय? बूच काढ!"

"कसलं बूच?"

"मागच्या टोकाला, तळाशी! होडी जमिनीवर असली की ते भोक उघडं ठेवायचं, पाणी निघून जातं. समुद्रात नेताना बूच लावायचं."

दिंकाचा चेहरा उतरला. "ते भोक? बार्बा, ते तर मी सगळ्यात आधी बुजवलं! चार थर दिले!"

बार्बा तिथेच ओल्या दगडावर बसून हसू लागले. "अगं माझे आई! तू हिची बेंबीच शिवून टाकलीस!"

पण हसण्याची वेळ नव्हती. बार्बांनी हाताने फिरवायचे ड्रिल आणले, जागा चाचपून खूण केली आणि ड्रिल तिच्या हातात दिले.

"तुम्हीच पाडा ना," दिंका म्हणाली. "पाच महिने मी हिची भोकं बुजवली. आता माझ्याच हातानं कसं पाडू?"

"होडी कोणाची?"

दिंकाने ड्रिल खुणेवर टेकवले. ओठ चावून ती ते फिरवू लागली. एक थर, दोन, तीन, चार. आणि पाण्याची धार थेट तिच्या तोंडावर उडाली! पेरिना टाळ्या पिटत नाचली. संध्याकाळपर्यंत मी कोरडी दिसू लागले. त्यांनी भोकाच्या कडांना रेझिन लावले, आणि सकाळी रबराचे नवे बूच ठोकले.

मित्रांनो, जुनी वस्तू दुरुस्त करताना तिची प्रत्येक फट म्हणजे दुखणे समजू नका. आधी विचारा, ही कशासाठी आहे? आम्हाला बोलता येत नाही, पण जाणते माणूस जवळच कुठेतरी असते.

तर, सणाचा दिवस उजाडला. घंटा वाजत होत्या, होड्या निघाल्या होत्या. येरका ओरडली, "दिंका, जागा ठेवलीय हो तुमच्यासाठी! बुडायला लागलात की या!"

दिंका वल्ही मारू लागली. निम्म्या वाटेवर एक लाट आली, मी डोलले, आणि मागच्या फळीखालून पाणी वाहत तिच्या पायाशी आले.

तिचे हात थांबले. "गळतेय! पेरिना, बूच गळतंय! परत फिरायला हवं. येरकाला हाक मार."

मला ओरडून सांगावेसे वाटले, पण मला कुठले तोंड?

पेरिनाने हाक मारली नाही. तिने वाकून पाण्यात बोट बुडवले आणि चाटले.

"आई, हे खारट नाहीये! कालच्या पावसाचं आहे, फळीमागे अडकलेलं!"

"खरंच? नीट बघ."

पेरिनाने पुन्हा बोट बुडवले, आणि या वेळी ते आईच्या तोंडात घातले. दिंका चव घेऊन हसली, आणि येरकाच्या होडीवर नजर ठेवून पुन्हा जोरात वल्ही मारू लागली.