शिडीच्या विहिरीतली बाई

"जळतोय! अरे, जळतोय!"

खलाशांचा मुकादम, सारंग बासो, याने दोर ओढून कंदील वर घेतला आणि डेकवर जमलेल्या खलाशांनी एकच गलका केला. काल जहाजाच्या याच मालाच्या खणात सोडलेला हाच कंदील अर्ध्या वाटेत विझला होता. आज तो खाली ओंडक्यांना टेकून जळतच परत आला. कोणी छातीवर हात ठेवला, कोणी अल्लाचं नाव घेतलं. जेवणखाण बघणारा म्हातारा भंडारी तर डोळेच पुसायला लागला.

मांत्रिक दाएंग रापी मात्र जागचा हलला नाही. पिवळ्या भाताच्या ताटासमोर मांडी घालून तो लवंगी सिगारेट ओढत होता.

"गेली समुद्राची बाई," धूर सोडत तो म्हणाला. "काल तिचा श्वास दिव्यावर पडत होता. लई हट्टी बाई. मला म्हणते, दोन घेतले, तिसरा दे. मी म्हटलं, बाई गं, आता सिगारेटवर भागव."

"मग सिगारेट तुम्ही का ओढताय, दाएंग?" योसिनाने विचारलं. ती जहाजावरची नवी दुय्यम अधिकारी, मूळची आंबोन बेटावरची.

"ती माझ्या तोंडाने ओढते."

"आणि साधी सिगारेट चालत नाही वाटतं तिला?"

कोणी हसलं नाही. हसायचे दिवस नव्हते.

जहाज हाल्माहेरा बेटावरून ओले ओंडके भरून निघालं होतं. वाटेत सगळे खण घट्ट बंद. ग्रेसिक बंदरासमोर नांगर पडला आणि माल उतरवण्याची तयारी बघायला बुटोन बेटावरचा खलाशी ला बाऊ पहिल्या खणात उतरला. खणात उतरायची वाट म्हणजे डेकपासून तळापर्यंत गेलेली अरुंद लोखंडी नळी. आत शिडी, वर झाकण. खलाशी तिला शिडीची विहीर म्हणत. ला बाऊ काही पायऱ्या उतरला आणि ना ओरडला, ना काही. दगडासारखा खाली गेला. त्याला काढायला आधीचा दुय्यम अधिकारी धावला. तोही परत आला नाही. दोघांची प्रेतं नंतर वरूनच गळ टाकून दोराने ओढून काढली.

वर, झाकणापाशी, टॉर्च धरून उभा होता ला हामिरू. ला बाऊच्याच गावचा, त्याच्याच शेजारच्या बंकवर झोपणारा. तोही पाय आत टाकणार होता, पण बासोने त्याला कॉलर धरून मागे खेचलं. तेव्हापासून हामिरूला धड झोप नव्हती. खणातून ठकठक ऐकू येई. ओंडके हलतात, हे त्यालाही माहीत होतं. तरी तो उशी कानावर दाबून धरी.

समुद्राच्या बाईने दोघांना नेलं, अशी बातमी किनाऱ्यावर गेली आणि बंदरातल्या हमालांनी जहाजावर पाय ठेवायला नकार दिला. माल उतरेना, म्हणून धक्का मिळेना, म्हणून जहाज खाडीत अडकून पडलं. समोर गावातले दिवे दिसत, पण जायची सोय नाही. होडी एकच, जहाजमालकाचा एजंट हेंड्रो याची. सगळ्यांची नोकरीच्या नोंदीची खलाशी-पुस्तकंही त्याच्याच कपाटात. त्या पुस्तकावाचून दुसरं जहाज कोण देणार? मग हेंड्रोनेच हा मांत्रिक आणला.

आता हेंड्रो पुढे झाला. "चला, बाई गेली. आपल्यातला एक जण खाली जाऊन आला की हमालांची भीती मोडेल. हामिरू, तू."

"मी?"

"मग काय मी? तुझा दोस्त होता ना तो?"

दाएंग रापीने हामिरूच्या गळ्यात काळ्या दोऱ्याचा ताईत बांधला. "हा असेपर्यंत ती तुला शिवणार नाही. मागे वळून बघायचं नाही. आणि मनात शंका आणायची नाही. शंका आली की ताईत मेला."

म्हणजे मेलास तर दोष तुझाच, हे हामिरूला तेव्हा सुचलं नाही. त्याला फक्त ते गोल झाकण दिसत होतं. बासोने झाकण उघडलं. आतून ओल्या सालीचा वास आला, बाकी काही नाही. हामिरूने वर, कप्तानाकडे पाहिलं. कप्तान दुसरीकडे बघत होता. नाही म्हणावं तर पुस्तक गेलं, हो म्हणावं तर ती विहीर. त्याने एक पाय आत टाकला.

"थांब," योसिना म्हणाली. "कंदील आधी."

"मॅडम, कंदील झाला की सोडून!" हेंड्रो वैतागला.

"तो माल काढायच्या मोठ्या झाकणातून सोडलात. ते कालपासून उघडं आहे. माणूस इथून उतरणार, तर कंदीलही इथून उतरू दे."

बासोने एजंटकडे पाहिलं, मग हामिरूकडे. आणि कंदील विहिरीत सोडला. सगळे वाकून बघत होते. ज्योत आधी लहान झाली, मग काचेत नुसतीच लाल वात उरली, मग तीही गेली.

हामिरूने पाय बाहेर काढला.

"बघितलंत?" दाएंग रापी उठून उभा राहिला. "इथे लपली! खणातून निघाली आणि विहिरीत बसली! आणखी एक कोंबडा लागेल, काळा!"

"ताईत आहे ना?" योसिना म्हणाली. "शंका नको म्हणालात. तुमच्या मनात तर शंका नाही. तुम्हीच उतरा."

"मी... माझा उपास आहे."

"सिगारेट चालते त्या उपासाला?"

आता मात्र भंडारी फिसकन हसला. योसिनाने बासोला दुसऱ्या खणाकडे नेलं. तिथेही तेच ओंडके, तशीच बंद विहीर. पण तिथे कोणी मेलं नव्हतं, कोणी काही ऐकलंही नव्हतं. झाकण उघडलं, कंदील सोडला. तोही विझला.

"इथे कोण बाई आहे, दाएंग? तिची बहीण?"

दाएंगने हातातली सिगारेट विझवली.

इंजिनखोलीतून हवा फेकणारा पंखा आणि ताडपत्रीची लांब नळी आणली गेली. नळीचं तोंड विहिरीच्या तळाशी सोडलं. पंखा घरघरत राहिला. योसिना झाकणापाशी बसून होती. मंत्र नाही, भात नाही, कोंबडा नाही. चहा झाला, दुपारचं जेवण झालं. मग बासोने कंदील पुन्हा सोडला. तो तळापर्यंत गेला आणि जळतच वर आला.

यावेळी गलका झाला नाही.

"ओलं लाकूड बंद जागेत कुजायला लागतं," योसिना म्हणाली. "गंजणारं लोखंडही तसंच. दोघं मिळून हवेतला प्राणवायू खाऊन टाकतात. उरलेल्या हवेला वास नसतो, ती घुसमटवतही नाही. दोन श्वास घेतले की माणूस कोसळतो. त्याला काढायला जाणाराही तसाच कोसळतो. दिव्याला जे लागतं तेच आपल्याला लागतं. मोठं झाकण उघडं ठेवलं म्हणून खणातली हवा बदलली. विहीर बंद होती, तिथली नाही बदलली. एवढीच ती बाई."

"मग मोठं झाकण उघडायला तुम्हाला कोणी सांगितलं?" हामिरूने दाएंगला विचारलं.

"तिला आकाश दिसावं म्हणून..."

हामिरूने ताईत तोडून त्याच्या पायाशी टाकला. "कोणी सांगितलं?"

दाएंगने एकदा होडीकडे पाहिलं, एकदा जमलेल्या माणसांकडे. "एजंटसाहेब म्हणाले, एक दिवस उघडं ठेवा, दिवा आपोआप जळेल. विहिरीचं मला कुठे माहीत होतं!"

सगळ्यांच्या माना हेंड्रोकडे वळल्या.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. खणाचा पंखा बिघडलेला होता, दुरुस्त केला नव्हता. हवा तपासायचं यंत्र बंद पडलं होतं, नवं आणलं नव्हतं. दोन माणसं त्यापायी मेली म्हटलं की मालकाला जाब द्यावा लागला असता. भुताने नेली म्हटलं की सगळं समुद्रात बुडालं.

"पुस्तकं माझ्याकडे आहेत, विसरू नका," हेंड्रो म्हणाला. आवाज मात्र बारीक झाला होता.

"राहू देत," सारंग बासो म्हणाला. "हवा तपासल्याशिवाय या जहाजावरचा एकही माणूस खाली जाणार नाही. हवं तर त्या पुस्तकांना पाठवा."

मांत्रिक आणि एजंट एकाच होडीतून गेले. जहाज तिथेच राहिलं, पुस्तकंही कपाटात राहिली. योसिनाने बंदर अधिकाऱ्याला रेडिओवरून सगळं कळवलं. चौकशीला कोण येईल, कधी येईल, कोणालाच सांगता येत नव्हतं.

हामिरूने गावी फोन लावला. ला बाऊची बायको वा सालिमा फोनवर आली. तिला सासरच्यांनी सांगितलं होतं की नवऱ्याने समुद्राची खोड काढली, म्हणून समुद्राच्या बाईने त्याला नेलं. घरातून तिला बाहेर काढायचंही बोलणं चाललं होतं, कारण शाप तिच्या पायगुणाने आला म्हणे.

"वहिनी, कोणी बाई नव्हती," हामिरू म्हणाला. "खोटं आहे सगळं."

"मग कोणी नेलं त्याला?"

"बंद हवेने. आणि पंखा दुरुस्त न करणाऱ्यांनी. मी स्वतः बघितलं. चौकशीत सांगणार आहे. तुम्हीही सासऱ्यांना सांगा. नाही ऐकलं तर मला फोन द्या, मी सांगतो."

पलीकडे ती बराच वेळ रडत होती. मग म्हणाली, "सासरे अंगणातच आहेत. थांब, बोलावते."

जहाजाचा खण असो, विहीर असो की गटाराची टाकी, बंद जागेत माणूस कोसळला तर हात जोडून उभे राहू नका आणि त्याच्यामागे उडीही टाकू नका. आधी आत ताजी हवा सोडा, मदत बोलवा. आणि कोणी भुताचं नाव घेतलं, तर त्याला तिथेच विचारा, भूत म्हटल्याने सुटतंय कोण?