लवंगीचा डावा पाय

"गुडघ्याची वाटी सरकते हिची," असं म्हणत गुरांचे डॉक्टर लीलाधर यांनी लवंगीला टेबलावरून खाली ठेवलं. ती मूठभर अंगाची पांढरी विलायती कुत्री मागचा डावा पाय पोटाशी धरून लंगडत प्रमिलाबाईंच्या पदराआड गेली. "या ठेंगण्या जातीत हे असतंच. पुढं चालणंही बंद होईल. संक्रांतीनंतर माझा पुन्हा इकडे भडगावला फेरा आहे, तेव्हा एक सुई देऊन सोडवू तिला."

प्रमिलाबाई मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई. पती गेल्यापासून घरी त्यांची वाट बघणारा हा एवढाच जीव. त्यांनी नुसती मान हलवली.

बोलला तो दाराशी उभा असलेला शाळेचा शिपाई सुकदेव. "संक्रांतपर्यंत माले द्या तिले."

"तुला काय कळतं रे यातलं?"

"साहेब, मना गुडघा बी असाच शे."

ते खरं होतं. चोवीस वर्षं सुकदेव टपालाची थैली पाठीवर घेऊन गावोगाव धावला होता. टपालाची मोटार सुरू झाली, धावणं संपलं. गुडघे मात्र तोवर कामातून गेले होते. कुठे दुखतं, कशानं उतरतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा कारभार सुरू झाला. मधल्या सुट्टीत मुली लवंगीला गूळ, शेव, भाकरीचे तुकडे चारत, त्यांना त्यानं बजावलं, "जिले लवंगी आवडस, तिनी तिले काहीच देवानं नही." शाळेलगतच्या बाईंच्या घरातल्या गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरलं. ओट्यावरून उड्या बंद. तिथे फळी उतरती टेकवली. रोज सकाळी तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, मग तिच्या गुडघ्याला. दुपारच्या उन्हात गिरणा नदीकाठी जाऊन तिला पोटापर्यंतच्या पाण्यात हळूहळू चालवायचं. अंगाचा भार पाणी उचलतं, हे त्याला धावण्याच्या दिवसांतच उमगलं होतं. घाटावर कपडे धुणारी सुंदरबाई हसायची, "नाना, कुत्रीले गंगास्नान का?"

"हसा," तो म्हणायचा, "पण पानी गढूळ करू नका."

दोन महिन्यांत लवंगी सडपातळ झाली, पाय टेकू लागली. आणि एके दिवशी अंगणात मुंगूस दिसलं. तिनं ओट्यावरून झेप घेतली आणि ती अशी किंचाळली, की प्रमिलाबाई हातातला खडू टाकून धावल्या.

"पुरे आता, नाना," त्या रडत म्हणाल्या. "तिचे हाल नका करू."

 सुकदेव कण्हत खाली बसला, लवंगीचा पाय हलकेच मागे ताणला आणि अंगठ्यानं वाटी जागेवर सरकवली. किंचाळणं थांबलं. "बाई, पडनी म्हनीसन चालनं सोडस का कोनी?" तो एवढंच म्हणाला. दहा दिवस नुसता शेक. अकराव्या दिवशी पुन्हा नदी.

संक्रांत झाली. डॉक्टर सुईची पेटी घेऊन आले. शाळेच्या अंगणात मुली श्वास रोखून उभ्या होत्या. सुकदेवनं फाटकापासून हाक मारली. लवंगी चारही पायांवर, शेपटी वर करून, अख्खं अंगण ओलांडून गेली. मध्येच थांबली, सगळा भार डाव्या पायावर टाकला आणि उजव्यानं कान खाजवला. निवांत, पोटभर खाजवला!

मुलींनी एकच गिल्ला केला. प्रमिलाबाई आपण मुख्य बाई आहोत हे विसरून टाळ्या वाजवत होत्या.

डॉक्टरांनी न उघडलेली पेटी ओट्यावर ठेवली आणि स्वच्छ विजारीची पर्वा न करता लवंगीपाशी धुळीत गुडघे टेकले. "नाना," ते म्हणाले, "वाटी जागेवर कशी बसवता? मला दाखवा."

सुकदेव ओट्याच्या फळीवर टेकला. आपला खरबरीत अंगठा त्यानं डॉक्टरांच्या अंगठ्यावर ठेवला आणि तो त्या एवढ्याशा गुडघ्यावर नेला.

"आठे, याच जागी," तो म्हणाला. "जोर नका लावू. तिले सैल होऊ द्या."